कळप क्रमांक सात

डिसेंबर सरत आला की जालन्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक बाई हुरड्याची कणसं घेऊन बसते. गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजून, तळहातावर चोळून ती दाणे काढून देते. तो धूर घरापर्यंत येतो आणि मी दार लावून घेते. शेजारच्यांना वाटतं, मला धुराचा त्रास होतो. मीही तसंच सांगते.

खरं असं आहे की त्या धुरात दुसरा एक वास शोधायची मला सवय लागली आहे. दंवानं भिजलेल्या लोकरीचा, लेंड्यांचा, नुकत्या व्यालेल्या मेंढीच्या चिकाचा. तो येत नाही. नुसता ज्वारीचा गोडसर वास येतो आणि मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी आवरत बसते.

मी आयुष्यभर प्राण्यांची आनुवंशिकी शिकले आणि शिकवली. माणसानं रानातलं जनावर जवळ कसं केलं, पिढ्यानपिढ्या त्याच्या अंगात काय बदलत गेलं, रानमेंढीची आपली मेंढी कशी झाली, हा माझा विषय. जुन्या वस्त्यांत सापडलेली हाडं, रक्त, पुढे पुढे केसाच्या मुळाशी असतो तो एवढासा ऐवज, यांत माझी चाळीस वर्षं गेली. या कामाची सुरुवात मात्र झाली कुंभार पिंपळगावच्या शिवारात, सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. जे शिकायचं ते त्याच हिवाळ्यात माझ्यासमोर उभं होतं. मी त्याच्या मानेतून रक्त काढत बसले.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी चार-पाच वर्षांची असताना आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. आजोबांनी ते काम जन्मभर केलं होतं. म्हातारपणी ते दिवसातून चार-चार वेळा हात धूत, मातीनं, राखेनं, आणि नंतर नातवंडांना जवळ घेत. मी पदवीला प्राणिशास्त्र घेतलं हे कळल्यावर वडील म्हणाले, "जिवंत जनावराचं शिकणार ना? मग शीक."

विद्यापीठापर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिली. तिथं चर्चेत मी तोंड उघडलं की आवाज आपोआप बारीक व्हायचा. आपलं म्हणणं कुणी मोजेल का, ही धास्ती कायम असायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या धास्तीचा हात होता. सबब म्हणून सांगत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. माझ्या प्रबंधासाठी मला वेगवेगळ्या कळपांतल्या मेंढ्यांचं रक्त हवं होतं. मेंढीच्या रक्तातला लाल घटक दोन प्रकारचा असतो. खळीसारख्या थरावर रक्ताचा थेंब ठेवून वीज सोडली की एक प्रकार पुढे पळतो, दुसरा मागे राहतो. कुठल्या कळपात कुठला प्रकार किती, यावरून त्या मेंढ्यांचं मूळ, त्यांची आपसातली नाती ओळखता येतील, असं माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं. त्या काळी हे अगदी नवं शास्त्र होतं. मी जालन्याहून भुश्यात बांधलेला बर्फ घ्यायची आणि लाकडी पेटी मांडीवर धरून एस.टी.नं कुंभार पिंपळगावला उतरायची. वडिलांच्या ओळखीच्या एका गुरुजींकडे राहायची सोय होती. सकाळी उजाडलं की करडईच्या काट्यांतून साडी सांभाळत शिवारात जायचं. तूर शेंगांनी वाकलेली असे, ज्वारीच्या पानांवरचं दंव बाह्यांतून आत शिरे, आणि बोटं अशी गारठत की सुई धरता येत नसे.

सहा कळप झाले होते. सातवा आसराजीचा. हा धनगर बायकोसह एका शेतात मुक्कामाला होता. मेंढरांच्या खतासाठी शेतकरी अशा कळपांना पीक निघाल्यावर आपल्या रानात बसवून घेत. दोरीच्या जाळीचं गोल कुंपण, आत शंभरेक काळ्या मेंढ्या, बाहेर चूल, एक घोडं आणि एका खाटल्यावर बांधलेला सगळा संसार, असा त्यांचा वाडा. रक्त काढायचं म्हटल्यावर आसराजीनं सरळ नकार दिला. मेंढ्या गाभण आहेत, काही व्यायला टेकल्यात, त्यांना सुई टोचू देणार नाही, म्हणाला. मी समजावत होते तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं विचारलं, "कुणाची गं तू?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तिनं न विचारताच समाजही सांगितला. पुढे कळून माणसाचा चेहरा बदलतो, ते बघण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असा माझा नेम होता. ती माझ्याकडं बघत राहिली. मग हातातला चहाचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास तिनं माझ्याकडं सारला आणि म्हणाली, "थंडी लई हाय. घे." चहा मेंढीच्या दुधाचा होता, दाट, किंचित खारट. मी तो संपवला तेव्हा तिनं उठून एक मेंढी कानाला धरून माझ्यापुढं आणली. आसराजी बाजूला सरला.

तिचं नाव धुरपदा. मी मावशी म्हणू लागले. चाळिशी उलटलेली असावी. उंच, हाडापेराची मोठी, बोलणं कमी.

त्या वाड्यावर मी पंधरा-वीस दिवस जात राहिले. एकेक मेंढी मावशी दोन गुडघ्यांत धरायची, मान वर करायची, मी लोकर बाजूला सारून शीर शोधायची. प्रत्येक नळीवर मी आकडा टाकायची. मी म्हणायची, एकोणतीस. मावशी म्हणायची, ही भुरीच्या लेकीची लेक. मी म्हणायची, तीस. ती म्हणायची, ही बुचीची, हिच्या आजीला बी असेच आखूड कान होते. आधी मला ती गंमत वाटली. मग लक्षात आलं की शंभरेक मेंढ्यांपैकी एकीचीही माय ती चुकत नाही. मायची माय, तिची माय, अशा काहींच्या सहा पिढ्या ती सांगे. जुन्या पिढ्यांचं तिनं सासूकडून ऐकलेलं होतं, पुढचं स्वतः बघितलेलं. कोण दोनदा जुळी व्याली, कुणाचं दूध लवकर आटलं, कुणाच्या वंशाला पावसाळ्यात खूर सडायचा रोग होत नाही, हे सगळं त्यात आलं.

एका दुपारी हुरडा भाजून झाल्यावर तिनं दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा कळप दुप्पट होता. चारा संपला तसे ते गंगेच्या काठाकाठानं, म्हणजे गोदावरीच्या, चालत राहिले. बाभळीच्या शेंगा, वाळलेला पाला, मिळेल ते. मेंढ्या रोज मागं पडत होत्या.

"भुरी तीन दिस पाण्याबिगर चालली," ती म्हणाली. "बाकीच्या बसल्या त्या उठल्याच न्हाईत. तवा म्या ठरवलं, इथून पुढं नर ठेवायचा तर भुरीच्याच पोटचा. दिसाया देखणा नर कुणीबी ठेवतं."

मी हे वहीत लिहून घेतलं. शिष्टाचार म्हणून लिहून घेतलं, असं म्हणावं लागेल. माणसानं कुठल्याशा डोंगरपायथ्याशी, हजारो वर्षांपूर्वी, कुठलं जनावर राखायचं आणि कुठलं नाही हे ठरवलं आणि त्यातून मेंढी घडली, यावर मी ग्रंथालयात बसून पानंच्या पानं वाचली होती. तेच काम करणारी बाई माझ्यापुढं बसून तळहातावरचं फोलपट फुंकत होती. मला ते दिसलं नाही. विद्यापीठात परतल्यावर मी सरांना वहीतली ती तीन पानं दाखवली. त्यांनी चाळली आणि ही ऐकीव माहिती आहे, पुरावा म्हणून चालणार नाही, असं सांगितलं. मी मान हलवली.

त्याच हिवाळ्यात त्या भागात मेंढ्या सुधारायची एक योजना आली होती. परदेशी वाणाचे पांढरे, दणकट नर धनगरांना द्यायचे. त्यांची पिल्लं वजनदार होतात, लोकर मऊ आणि जास्त निघते. अट एकच, कळपातले गावठी नर आधी खच्ची करायचे, म्हणजे मिसळ होणार नाही. योजनेचे साहेब जीपमधून वाड्यावाड्यांवर फिरत होते आणि कुणी दाद देत नव्हतं. सर त्या योजनेचे सल्लागार होते. त्यांच्याकडून साहेबांना माझं नाव कळलं. ते मला म्हणाले की हे लोक तुमचं ऐकतात, तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात, तुमचा शब्द इथं मोलाचा आहे.

माझा शब्द मोलाचा आहे, असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी आसराजीशी बोलले. तो लगेच तयार झाला. पलीकडच्या गावात साहेबांनी दाखवायला आणलेला तसला नर त्यानं बघितला होता आणि त्याच्या मनात भरला होता. मावशीनं मात्र हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोन दिवसांनी साहेब, त्यांचे दोन सहकारी आणि सर स्वतः वाड्यावर आले. जीपमागे पिंजऱ्यात तो एडका होता, चुन्यासारखा पांढरा, मानेवर लोकरीच्या घड्याच घड्या. मावशीनं जवळ जाऊन त्याचे दात बघितले, पाठीवर हात फिरवला, खाली बसून चारही खूर बघितले. मग साहेबांना काही न विचारता ती माझ्याकडं वळली.

"देखणा हाय. वजनाला बी हाय. पर तो चालंल का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "चालेल, मावशी."

तिनं विचारलं होतं ते पायांबद्दल. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून, दिवसाला चार-पाच कोस, या नराची पोरंबाळं चालतील का, एवढाच तिचा प्रश्न होता. मी उत्तर दिलं ते 'काही हरकत नाही' अशा अर्थानं. आपल्या भाषेत शब्द एकच आहे. चुकून दिलं की समजून दिलं, हे पुष्कळ वर्षं मी स्वतःलाच नीट सांगितलेलं नाही. तो वाण चिखलात किती चालतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भुरीच्या पोटचे तीन नर त्या दिवशी खच्ची झाले. आसराजीनंच ते धरले. त्याआधी मी त्यांचं रक्त काढून घेतलं, नळ्यांवर आकडे टाकले. मावशी घागर घेऊन विहिरीवर गेली होती. ती बऱ्याच उशिरानं आली, आणि घागर अर्धीच होती.

बर्फ वितळायच्या आत मला निघायचं होतं. मी निघाले.

पहिली बातमी चांगली होती. वर्षभरात गुरुजींकडून लिहून घेतलेलं आसराजीचं पत्र आलं. कबरी-पांढरी कोकरं झालीत, गुबगुबीत आहेत, पोरं कडेवर घेऊन फिरतात, बाईंना सांगा. मी ते पत्र सरांना वाचून दाखवलं आणि नंतर वसतिगृहातल्या मैत्रिणींनाही. दुसरं पत्र गुरुजींनी स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर. ती कोकरं मोठी झाल्यावर चिखलात टिकत नाहीत. लोकर भिजून ओझं होतं, खुरांत माती बसते, खूर सडतात. कळप पुढे जातो आणि ती जागच्या जागी बसतात. मावशी त्यांना खांद्यावर टाकून आणते, पण किती आणणार. जुन्या मेंढ्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत आणि त्यांच्या जोगा नर आता आसपास कुणाकडं उरलेला नाही, कारण सगळ्यांनीच आसराजीचं बघून पांढरा नर घेतला.

सगळ्यांनी आसराजीचं बघून, आणि आसराजीनं माझं ऐकून.

ते पत्र मी दोनदा वाचलं, घडी घातली आणि प्रबंधाच्या कच्च्या कागदांत ठेवून दिलं. उत्तर लिहिलं नाही. माझी तोंडी परीक्षा जवळ आली होती. प्रबंधात तो कळप 'कळप क्रमांक सात' म्हणून आहे. ठिकाण, मेंढ्यांची संख्या, रक्ताच्या दोन प्रकारांचं प्रमाण, एवढंच. परीक्षकांनी नेमकं त्याच कळपाबद्दल विचारलं. इतर कळपांपेक्षा त्याचे आकडे वेगळे होते, जणू कुणीतरी निवडून ठेवल्यासारखे. का असावं, असं त्यांनी विचारलं. मी योगायोग असावा म्हणाले. ते समाधानी दिसले.

पुढे नोकरी लागली, परराज्यात. परदेशात जाणं-येणं झालं. आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या शास्त्रात अशी पद्धत आली की जनावराच्या पेशीतून त्याच्या मायकडून आलेला धागा वेगळा वाचता येतो, माय, मायची माय, अशी हजारो वर्षं मागं जाता येतं. जगभर लोक मेंढ्यांच्या मातृवंशाच्या मागे लागले. मीही लागले. एका परिषदेत कुणीतरी खंत बोलून दाखवली की असे वंश तोंडी जपून ठेवलेला एखादा कळप मिळाला असता तर किती सोपं झालं असतं. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी पाण्याचा पेला उचलला. त्या शंभर नळ्यांतलं रक्त, वाचून झाल्यावर, मीच माझ्या हातानं प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ओतलं होतं. नळ सोडला, सगळं गुलाबी होऊन गेलं, मग स्वच्छ. नळ्या पुन्हा वापरायच्या होत्या.

मावशीला मी त्यानंतर एकदाच भेटले, ते दशक संपायच्या सुमाराला. पुन्हा हिवाळाच होता. मी गावी निघाले होते आणि वाट वाकडी करून कुंभार पिंपळगावला गेले, तेव्हा गुरुजींनी सांगितलं की आसराजीचा कळप मोडला, ती दोघं आता वडीगोद्रीला असतात. हमरस्त्यालगतच्या एका हॉटेलात आसराजी पाणी भरायचा, राखण करायचा. हॉटेलमागे पत्र्याच्या आडोशाला मावशी दोन शेळ्यांना कडबा घालत होती. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"रगतवाली बाई आली," ती आत बघून म्हणाली. मला खाली पोतं टाकून दिलं.

ती बारीक झाली होती. बसल्या बसल्या डावा गुडघा दाबत होती. लग्न झालं का, आई-वडील कसे आहेत, असं तिनं विचारलं. मेंढरांचा विषय तिनं काढला नाही. मीही इकडचं तिकडचं बोलत राहिले. रस्त्यावरून मालमोटारी जात होत्या, पत्रा थरथरत होता. शेवटी तिनं शेळीला बांधायला पाठ फिरवली, तेव्हा मी बोलले. समोर बघून बोलता आलं नसतं.

"मावशी, तू तेव्हा विचारलं होतंस, तो नर चालेल का म्हणून. मला माहीत नव्हतं."

ती दोरीची गाठ मारत राहिली.

"मला तवाच कळल्तं," ती म्हणाली.

"मग तू अडवलं का नाहीस?"

"ह्यानला नर पायजेच होता. पर म्या आडवी झाले असते तर ऐकलं असतं त्यानी." ती येऊन बसली. "तू एवढ्या सायबांत एकली उभी होतीस. पहिल्यांदाच कुणी तुला इचारलेलं दिसत होतं. त्यायच्यापुढं तुला खोटं पाडावं, असं झालं न्हाई मला."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, पाय धरता आले असते. एखादी वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं ती बोलली. तीन पावसाळे तिनं ती कोकरं खांद्यावरून वाहिली होती, आणि या सगळ्या काळात तिला माहीत होतं की ती कशाचं ओझं वाहते आहे.

आसराजी चहा घेऊन आला. आता कुठल्या जनावराचं रगत काढून राह्यलात, म्हणून त्यानं हसून विचारलं. मी म्हशींचं नाव घेतलं. चांगलं हाय, म्हणाला. एस.टी. आली तशी मी उठले. मावशी रस्त्यापर्यंत आली नाही. गुडघ्यामुळे तिला चढ चढवत नव्हता.

पुढच्या आयुष्यात त्या रस्त्यानं मी कितीतरी वेळा गेले. वडीगोद्रीला गाडी थांबायची, लोक चहाला उतरायचे, पाय मोकळे करायचे. मी पुस्तक उघडून बसून राहायची. ती गेल्याचं मला कळलं तेही फार उशिरा, कुणाच्यातरी बोलण्याच्या ओघात. कोणत्या वर्षी, कशानं, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

अलीकडे त्या हिवाळ्याबद्दल नीट लिहून ठेवावं म्हणून कागद घेऊन बसले. भुरीच्या वंशाचं सगळं आठवलं, बुचीचंही आठवलं. मग वर तिचं नाव लिहिलं, धुरपदा, आणि पुढे काय लिहावं ते कळेना. तिचं माहेर कुठलं, ती किती वर्षांची असताना त्या वाड्यावर आली, मला माहीत नाही. वीस दिवस गुडघ्याला गुडघा लावून बसून तिनं मला मेंढ्यांच्या सहा पिढ्यांच्या आया सांगितल्या. तिच्या आईचं नाव मी तिला विचारलं नव्हतं.